हेड फेस केलेल्या बुलेट ३५० चं टायमिंग

प्रश्न असा आहे. बीडची जुनी कास्ट आयर्न बुलेट ३५०, पॉइंटची (उघडले की ठिणगी पडते ते विजेचे संपर्क), १२ व्होल्टची. सिलेंडर १ मिमी बोर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला, हेड लेथवर १ मिमी फेस केलं (तासून कमी केलं), व्हीएम २४ कार्बोरेटरच्या जागी व्हीएम २८ बसवलं आणि सायलेन्सर मोकळा लावला. मिस्त्रीने मॅन्युअलप्रमाणे पिस्टन टॉपच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या जागेच्या, ०.८ मिमी खाली असताना पॉइंट उघडतील असं टायमिंग बसवलं. आता किक अधूनमधून उलटी मारते, मांजरसुंब्याचा घाट तिसऱ्या गियरमध्ये चढताना इंजिन टकटक वाजतं आणि सायलेन्सरचा बेंड वीतभर निळा झालाय. टायमिंग पुढं घ्यायचं (ठिणगी लवकर) की मागं (उशिरा)?

०.८ मिमी हा आकडा चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. ऑटो-ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची, वजनं मिटलेली असताना, म्हणजे किक मारताना आणि आयडलला, ठिणगी कुठे पडते एवढंच तो सांगतो. घाटात टकटक होते तेव्हा वजनं उघडलेली असतात आणि ठिणगी टॉपच्या कितीतरी अगोदर पडत असते. कारखान्यातून आलेल्या इंजिनात सुरुवातीचं टोक ०.८ वर बसवलं की शेवटचं टोक आपोआप जागेवर यायचं, कारण स्प्रिंगा नव्या होत्या आणि कॉम्प्रेशन ठरलेलं होतं. तुमच्या इंजिनात यातलं एकही गृहीत धरता येत नाही. म्हणून फेरफार केलेल्या बुलेटचं टायमिंग शेवटच्या टोकाकडून, म्हणजे पूर्ण ॲडव्हान्सवरून, बसवायचं. सुरुवातीचं टोक मग जिथं पडेल तिथं पडू द्यायचं आणि ते चालण्यासारखं आहे का एवढं तपासायचं.

आधी इंजिनात काय बदललं ते आकड्यात पाहू. मूळ बोर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. ७१ मिमी बोर केल्यावर साधारण ३५६ सीसी होतात. या दहा सीसींनी टायमिंगला फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो हेडमुळे. ७१ च्या बोरवर १ मिमी उंची म्हणजे जवळपास ४ सीसी जागा. समजा मूळ कॉम्प्रेशन ७ ला १ होतं, म्हणजे चेंबर (पिस्टन टॉपवर असताना वर उरणारी जागा) ५७-५८ सीसींचं होतं. त्यातून ४ सीसी गेले आणि बोरही वाढला, तर कॉम्प्रेशन ७.६ च्या आसपास जातं. आकडा छोटा दिसतो, पण दाबलेलं मिश्रण जास्त दाट आणि जास्त गरम असलं की ते लवकर जळून संपतं. ठिणगी मात्र जुन्याच वेळेला पडली, तर सगळ्यात जास्त दाब टॉपनंतर १२ ते १७ अंशांवर यायचा तो त्याआधीच येतो. पिस्टन अजून टॉपजवळ असतो आणि उरलेलं कच्चं मिश्रण दाबाने स्वतःहून पेटतं. टकटक ती हीच. म्हणून कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनाला पूर्ण ॲडव्हान्स मूळपेक्षा कमी लागतो. 'पॉवर पाहिजे तर टायमिंग पुढं घे' हा गॅरेजमधला सल्ला इथे उलटा पडतो.

तुमचं खरं चेंबर किती आहे ते अंदाजावर ठेवू नका. पिस्टन टॉपवर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लगचं भोक सगळ्यात वर येईल अशी गाडी कलवा आणि मेडिकलमधल्या २० मिलीच्या सिरिंजने पातळ तेल प्लगच्या आट्यांच्या खालच्या कडेपर्यंत भरा. किती मिली मावलं तेवढं चेंबर. (३५६ + चेंबर) ÷ चेंबर, हे तुमचं कॉम्प्रेशन. तेल कडेने खाली उतरायला लागतं, म्हणून पटकन भरा आणि दोनदा मोजा.

आता टायमिंगला हात लावण्याआधीची कामं. यातलं एक जरी राहिलं तरी पुढचं सगळं वाया जातं.

पहिलं टॅपेट. हेड १ मिमी फेस केलं की ते तेवढं खाली येतं, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या दांड्या) मात्र तेवढेच लांब राहतात. जुनी सेटिंग तशीच ठेवली तर व्हॉल्व्ह नीट बसतच नाही. मग कॉम्प्रेशन गळतं, कार्बोरेटरमधून शिंक येते, आणि सगळे टायमिंगला दोष देतात. इंजिन पूर्ण थंड असताना, कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टॉपवर, उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर काढून दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरवून पाहा. मोकळे फिरले पाहिजेत, पण वर-खाली खडखडता कामा नये. रात्रभर उभी असलेल्या गाडीवर सकाळीच हे काम उरका. मे महिन्यात उन्हात उभी केलेली बुलेट थंड इंजिनात धरू नका.

दुसरं पॉइंट. फटीआधी पृष्ठभाग पाहा. कव्हर काढून पॉइंट उघडा आणि उजेडात धरा. एका टोकावर खड्डा आणि समोरच्या टोकावर तेवढाच उंचवटा दिसला तर कंडेन्सर बिघडलेला आहे किंवा त्याची किंमत जुळत नाही. अशा पॉइंटात फिलर गेज घातलं तर पट्टी उंचवट्याला टेकते. गेज ०.३५ दाखवतं, प्रत्यक्ष फट निराळीच असते. पॉइंट बदला, सोबत कंडेन्सरही बदला. पॉइंट उघडणाऱ्या कॅमच्या सगळ्यात उंच जागेवर फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा आणि हे टायमिंगच्या आधी करा, नंतर नाही. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढं सरकतं. कमी केली की मागं जातं. टायमिंग बसवून झाल्यावर 'जरा फट बघतो' म्हणत पॉइंटला हात लावला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. कॅमवर घासणाऱ्या फायबरच्या टाचेला डाळीच्या दाण्याएवढं ग्रीस पुरे. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर जातं आणि काळं पडतं.

तिसरं ऑटो-ॲडव्हान्स. जुन्या बुलेटमध्ये याच्याकडे कुणी बघत नाही, आणि तुमच्या तीनपैकी दोन तक्रारींचं मूळ इथे असू शकतं. कॅम बोटांनी त्याच्या फिरण्याच्या दिशेने वळवा आणि सोडा. तो स्प्रिंगने झटकन परत यायला हवा. हळू आला किंवा मधेच अडकला तर वजनांच्या खिळ्यांवर जुनं ग्रीस गोंदासारखं झालंय. अडकलेल्या वजनांनी किक मारली तर किकेच्या वेळीच ॲडव्हान्स पुरा असतो आणि पाय उलटा फेकला जातो. खोलून रॉकेल-पेट्रोलने धुवा आणि खिळ्यांना पातळ तेलाचा एकच थेंब द्या. स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील तर वेगळं लक्षण दिसतं: थ्रॉटल सोडला तरी आयडल लवकर खाली येत नाही, कधी वर कधी खाली होत राहतं. अशा स्प्रिंगा वजनांना फार लवकर उघडू देतात. दोन हजार आरपीएमला जेवढा ॲडव्हान्स नको तेवढा आलेला असतो, आणि घाटात तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर इंजिन नेमकं तिथेच असतं. टॉप स्पीडला गाडी गोड चालते, घाटात वाजते, तर आधी स्प्रिंगांवर संशय घ्या. तिथे सगळं टायमिंग मागं घेऊन टकटक बंद करता येते, पण मग पूर्ण वेगाला इंजिन मरगळतं आणि सायलेन्सर तापतो. स्प्रिंगा दोन्ही एकदम, जोडीनेच बदला.

चौथं कार्बोरेटर, निदान ढोबळ. ३५० ला व्हीएम २८ मोठंच आहे, आणि सायलेन्सरही मोकळा झालाय, म्हणजे मेन जेट (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल सोडणारं भोक) लहान पडण्याची शक्यता दाट. त्यात २०२५ पासून पंपावर देशभर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण आणखी पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं. पातळ मिश्रण हळू जळतं आणि गरम जळतं. हळू जळतं म्हणून जास्त ॲडव्हान्स मागतं, गरम जळतं म्हणून त्या ॲडव्हान्सवर टकटकतं. पातळ कार्बोरेटरवर टायमिंग शोधत बसलात तर कधीच जागा सापडणार नाही. मेन जेट एक-दोन नंबर मोठा टाका, पूर्ण थ्रॉटलला गाडी जराशी जड चालेल इतपत. टायमिंग पक्कं झाल्यावर एकेक नंबर खाली या. सायलेन्सरच्या जोडाला आणि कार्बोरेटरच्या फ्लँजला हवा ओढत नाही ना, तेही बघा. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होते ती बहुतेक याच हवेमुळे, टायमिंगमुळे नाही.

मग टॉप शोधणं. प्लगच्या भोकातून तार किंवा स्पोक घालून ०.८ मिमी मोजायची पद्धत सगळीकडे आहे, आणि चूक तिथेच सुरू होते. बुलेटचं प्लगचं भोक तिरकं आहे. तार तिरकी सरकते, त्यामुळे तारेवर मोजलेला १ मिमी म्हणजे पिस्टनचा १ मिमी नाही. भोक ३० अंशांनी कललेलं धरलं तर पिस्टन ०.८ सरकला की तारेवर ०.९ पेक्षा जास्त दिसतं. ओव्हरसाइज पिस्टनचा माथा गोल असेल तर हिशोब आणखी बिघडतो. शिवाय टॉपच्या जवळ पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो. क्रँक तीन-चार अंश फिरली तरी तार हलल्यासारखी वाटत नाही. म्हणून मिलीमीटर सोडा आणि अंशांवर या.

डाव्या बाजूचा फूटरेस्ट आणि ब्रेक पॅडल काढा, खाली पसरट भांडं ठेवा आणि मधला एकच नट सोडून प्रायमरी कव्हर काढा. तेल भांड्यात येईल. ऑल्टरनेटरच्या रोटरचा नट समोर दिसतो, त्यावर अंशांची चकती बसवा. बाजारची नसेल तर ११५ मिमी व्यासाची पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची गोल चकती कापा. या व्यासाला कडेवरचा १ मिमी जवळपास बरोबर १ अंश पडतो, म्हणून कडेला शिंप्याच्या टेपची मिलीमीटरची पट्टी चिकटवली तरी काम होतं. स्टेटरच्या एका स्टडला ताठ तारेचा काटा बांधा. मेन स्टँडवर गाडी, चौथा गियर, प्लग बाहेर, आणि मागचं चाक हाताने फिरवून क्रँक फिरवायची.

जुन्या प्लगमधलं चिनीमातीचं पोट काढून त्यात आटे पाडा आणि गोल डोक्याचा बोल्ट बसवा. हा झाला पिस्टन अडवणारा स्टॉपर. पिस्टन टॉपच्या बराच खाली असताना, कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, तो प्लगच्या जागी घट्ट करा. व्हॉल्व्ह उघडे असताना लावू नका, बोल्ट व्हॉल्व्हला लागू शकतो. चाक अलगद पुढं फिरवा, पिस्टन टेकला की काटा वाचा. मग उलटं फिरवा, दुसऱ्या बाजूने टेकला की पुन्हा वाचा. समजा एका बाजूला २२ आणि दुसऱ्या बाजूला ३० आलं. खरा शून्य ४ अंशांनी सरकलेला आहे. दोन्हीकडे २६ येईपर्यंत चकती सरकवा. आता चकतीवरचा शून्य म्हणजे खरा टॉप, एका अंशाच्या आत. स्टॉपर काढायचा विसरू नका.

पॉइंट कधी उघडतात हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. पॉइंटची वायर कॉइलपासून सोडवा आणि मल्टिमीटर बझरवर ठेवून वायर आणि इंजिन यांच्यात लावा. आवाज तुटला त्या क्षणी पॉइंट उघडले. मल्टिमीटर नसेल तर वायर जोडलेली ठेवा, पॉइंट आणि अर्थिंगमध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावा आणि स्विच ऑन करा. बल्ब पेटला की पॉइंट उघडले. पण पॉइंट बंद असताना स्विच फार वेळ चालू राहिला तर कॉइल तापते. हेडलाइटवरच्या अँपिअरच्या काट्यावरही हेच दिसतं. स्विच ऑन करून चाक हळू फिरवलं की पॉइंट मिटताना काटा उणेकडे झुकतो आणि उघडले की मधे परत येतो. बसवायला हा काटा पुरेसा बारीक नाही, पण रस्त्यात काही बिघडलं तर पॉइंट उघडतायत की नाही हे कव्हर न काढता एका नजरेत कळतं.

पॉइंट, कॅम आणि वजनं ज्यात बसतात त्या डिस्ट्रिब्यूटरपर्यंत गियरची माळ आहे, आणि प्रत्येक जोडीत थोडी सैल असते. म्हणून पॉइंट उघडण्याची जागा नेहमी इंजिन फिरतं त्याच दिशेने येऊन वाचायची. पुढं निघून गेलात तर ३०-४० अंश मागे जा आणि पुन्हा या. मागे येताना वाचलेला आकडा खोटा असतो.

पहिल्यांदा वजनं मिटलेली असताना वाचा. समजा १० अंश आले. ०.८ मिमी म्हणजे साधारण तेवढेच. मग दुसऱ्या माणसाने कॅम फिरण्याच्या दिशेने पूर्ण वळवून धरायचा, किंवा वजनं बाहेर ठेवण्यासाठी लाकडाची बारीक पाचर लावायची, आणि पुन्हा वाचायचं. हा तुमचा पूर्ण ॲडव्हान्स. समजा ३५ आला, तर ऑटो-ॲडव्हान्सचा पल्ला २५ अंशांचा. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. कॅमवरचा १ अंश म्हणजे क्रँकवरचे २, ही गोष्ट प्रत्येक पायरीला लक्षात ठेवा. चकती क्रँकवर आहे, त्यामुळे इथले सगळे आकडे क्रँकचे आहेत.

तुमच्या कॉम्प्रेशनला पूर्ण ॲडव्हान्सचा शोध २८ अंशांपासून सुरू करा. मूळ कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला प्लग कडेला आणि ज्वाळेचा प्रवास लांब, म्हणून ३२-३४ अंश चालतात. ७.६ ला मी २८ ते ३१ च्या पट्ट्यात उत्तर शोधीन, त्यापलीकडे जाणार नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या बॉडीचा पकडबोल्ट ढिला करा. बॉडी कॅमच्या फिरण्याच्या उलट्या दिशेने वळवली की टायमिंग पुढं येतं, त्याच दिशेने वळवली की मागं जातं. आणि बॉडी किती वळवता ते बघून वळवा. बॉडीचा व्यास ६० मिमी धरला तर तिच्या कडेवरचा १ मिमी म्हणजे कॅमचे जवळपास २ अंश आणि क्रँकचे ४. 'थोडंसं फिरवलं' म्हणत कडेवर २ मिमी सरकलं तर टायमिंग साडेसात अंशांनी हललं. म्हणून बोल्ट ढिला करण्याआधी बॉडी आणि केसवर सुईने एक सरळ रेघ ओढा आणि तिच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या मिलीमीटरवर बारीक रेघा मारा. एक बारीक रेघ म्हणजे सुमारे २ अंश. पुढची रस्त्यावरची सगळी जुळवाजुळव या रेघांवर करायची आहे. बॉडी एका टोकाला टेकली तरी २८ मिळत नसतील तर गियरचा एक दात बदला. स्लॉट कानस मारून वाढवू नका.

ज्यांना चकती न बसवता मिलीमीटरमध्ये ताळा घ्यायचा आहे त्यांच्यासाठी ९० मिमी स्ट्रोकचा हिशोब असा. कनेक्टिंग रॉड १७५ मिमीच्या आसपास धरलाय, दहा मिमी इकडेतिकडे झाला तरी फरक जेमतेम एक दशांशाचा. ६ अंशांना ०.३ मिमी, ८ ला ०.५५, १० ला ०.८५, १२ ला १.२. वरच्या टोकाला २८ ला ६.५, ३० ला ७.५, ३२ ला ८.५ आणि ३४ ला ९.५. हे पिस्टनचे उभे मिलीमीटर आहेत, तिरक्या तारेचे नाहीत. वरच्या टोकाला २ अंशांत पूर्ण १ मिमी सरकतोय आणि खालच्या टोकाला पाव मिलीमीटरच. ०.८ वर मोजण्यात चूक होते ती का, ते या आकड्यांत दिसतं.

पूर्ण ॲडव्हान्स २८ वर आणला आणि पल्ला २५ चा असेल तर सुरुवातीचं टोक ३ अंशांवर पडतं. एवढ्यावर किक सोपी जाते, पण आयडल सुस्त होतं आणि गाडी आयडलला तापते. ५ ते ८ अंश चांगले. तिथे येत नसेल तर ऑटो-ॲडव्हान्सचा पल्ला कमी करावा लागतो. वजनं बाहेर जाऊन जिथे थांबतात त्या स्टॉपवर पितळेचा बारीक थर चढवून किंवा छोटी बुशिंग घालून वजनांचा प्रवास कापतात. पल्ला २२ वर आला की २८ ला सुरुवात ६ वर येते. हे खराद-कामाच्या माणसाकडून करून घ्या. वेल्डिंगचा ठिपका मारून काम उरकायचं नाही, सुटला तर तो गियरमध्ये जातो.

प्रायमरी कव्हर परत लावताना रबरची रिंग नीट बसवा आणि तेल लेव्हल प्लगपर्यंत भरा.

आता रस्ता. आणि इथे एक अट आहे: चाचणीपुरता मूळ सायलेन्सर लावा. मोकळ्या सायलेन्सरच्या आवाजात टकटक ऐकूच येत नाही. ज्वारीचे दाणे पत्र्यावर मूठभर सोडल्यासारखा तो आवाज असतो, हलका आणि कोरडा, फक्त ताण आल्यावर येणारा. बरीच इंजिनं 'काही आवाज नाही' म्हणत म्हणत पिस्टनची कड खातात, कारण आवाज दबलेला असतो. ऐकू येत नसेल तर चेहऱ्यावरचा रुमाल सोडा, हेल्मेट मात्र नाही.

सपाट रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये ४० ते ६० जायला किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्या माणसाने मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजावं, वाऱ्यासोबत आणि वाऱ्याविरुद्ध, दोन्हीकडून तीन-तीन वेळा. मग २ अंश पुढं, म्हणजे एक बारीक रेघ, आणि पुन्हा मोजा. वेळ कमी होत असेल तर अजून एक अंश पुढं. ज्या जागेला वेळ कमी व्हायचं थांबतं तिथून २ अंश मागं या आणि बोल्ट घट्ट करा. त्या शेवटच्या अंशांतून काहीही मिळत नाही, फक्त उष्णता मिळते.

यानंतर घाट, आणि तो सकाळी सहाला नाही. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. पहाटेच्या थंड हवेत न वाजणारं इंजिन दुपारी दोनला वाजतं, कारण आत जाणारी हवाच १५-२० अंशांनी गरम असते. म्हणून चाचणी उन्हात, मागे माणूस बसवून, टाकीत तुम्ही रोज भरता तेच पेट्रोल. मांजरसुंब्याच्या चढाला तिसऱ्या गियरमध्ये ३५-४० वर थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दहा सेकंद ऐका. एकही टक आली तर २ अंश मागं. साध्यापेक्षा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकून टकटक बंद झाली तर समजा की टायमिंग काठावर आहे. गावोगावच्या पंपावर ते मिळत नाही, म्हणून साध्या पेट्रोलवरच जागा पक्की करा.

शेवटचा साक्षीदार प्लग. नवीन प्लग लावा, चढावर पूर्ण थ्रॉटल द्या, तिथेच क्लच दाबून स्विच बंद करा, बाजूला थांबा आणि थंड झाल्यावर प्लग काढा. पांढऱ्या चिनीमातीवर पेनच्या टोकाने टिपले असावेत असे काळे किंवा चंदेरी बारीक ठिपके दिसले तर ती टकटकीची खूण आहे, चंदेरी ठिपका म्हणजे पिस्टनचा ॲल्युमिनियम. कानाला काही ऐकू आलेलं नसलं तरी टकटक झालेली आहे, ३-४ अंश मागं या. ठिपके नसतील तर बाहेरच्या वाकड्या इलेक्ट्रोडवर रंग कुठे बदलतो ते पाहा. बदल बाकाच्या जवळ असावा. तो आट्यांकडे खाली सरकला असेल तर टायमिंग फार पुढं, टोकाकडे राहिला असेल तर फार मागं. हे वाचायला भिंग लागतं, आणि उन्हात उभं राहून वाचा.

तुमच्या निळ्या बेंडबद्दल: एकेरी पत्र्याच्या बेंडचे पहिले चार-सहा बोटं निळे पडणं नेहमीचंच. वीतभर निळा म्हणजे जळती ज्वाळा बाहेर येतेय. याची नेहमीची कारणं दोन: पातळ मिश्रण किंवा मागं पडलेलं टायमिंग. घाटात टकटक आणि बेंड निळा अशा दोन्ही तक्रारी एकाच गाडीला आहेत, म्हणून पातळ मिश्रण आणि ढिल्या स्प्रिंगा हा जोड माझ्या मते पहिला संशयित. नुसती डिस्ट्रिब्यूटरची बॉडी फिरवून तो सुटणार नाही.

किक उलटी मारण्यावर टायमिंगसोबत पद्धतही लागते. कॉम्प्रेशन वाढलंय, आता जुन्या सवयीने अर्धी किक मारून चालणार नाही. किक हळू दाबत कॉम्प्रेशन लागेपर्यंत या, डी-कॉम्प्रेसर (सिलेंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून पिस्टन टॉपच्या किंचित पुढं न्या. अँपिअरचा काटा मधे आला की डी-कॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग शेवटपर्यंत सरळ पायाने पूर्ण किक. ५ ते ८ अंशांच्या सुरुवातीवर आणि मोकळ्या हलणाऱ्या वजनांवर किक उलटी मारू नये. तरीही मारली तर थांबा, पुन्हा किक मारू नका. आधी कॅम बोटाने वळवून सोडा आणि तो झटकन परत येतो का ते पाहा. घोट्याचं हाड आणि किकचे दात दोन्ही इथेच जातात.

आरएक्स १०० वाल्यांनी यातले आकडे उचलू नयेत. तो ५० बाय ५० चा टू-स्ट्रोक आहे, प्रत्येक फेरीला ठिणगी पडते, आणि पोर्ट-सायलेन्सर बदलले की जास्त ॲडव्हान्सचा मार थेट पिस्टनच्या माथ्यावर बसतो. चकती आणि स्टॉपरने टॉप शोधणं आणि प्लग वाचणं मात्र तिथेही तसंच. सीडीआयच्या, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डबा असलेल्या, गाड्यांत ॲडव्हान्सचा नकाशा डब्यातच बंद असतो. पिकअप किंवा स्टेटरची प्लेट सरकवली की सगळी रेषा एकत्र हलते, तिचा आकार बदलत नाही.

नवीन पॉइंट बसवल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये फायबरची टाच झिजून बसते, फट कमी होते आणि टायमिंग मागं जातं. तेव्हा ५०० ला फट पुन्हा ०.३५ ते ०.४० वर आणा आणि बझरने सुरुवातीचं टोक एकदा ताळून पाहा. त्यानंतर दर ३००० किलोमीटरला, उन्हाळा लागण्याआधी एकदा जास्तीचं. बॉडीवरच्या मधल्या रेघेला नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. रेघ जागेवर आहे आणि गाडी तरी वाजतेय, तर बॉडीला हात न लावता आधी पॉइंटची फट आणि स्प्रिंगा बघायच्या.